हवाचलित सँडर

हवाचलित सँडर हे दाबाखालील हवेवर चालणारे, पृष्ठभाग घासून सपाट व गुळगुळीत करण्याचे हातात धरून वापरायचे अवजार आहे. लाकूड, धातू, रंगाचे जुने थर, लांबी आणि फायबरग्लास यांवरील घासकामासाठी त्याचा उपयोग होतो. वाहनांच्या डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे, फर्निचरचे कारखाने, होडीबांधणी आणि रासायनिक कारखान्यांतील टाक्यांची व नळांची दुरुस्ती ही त्याच्या वापराची प्रमुख क्षेत्रे आहेत. विजेवर चालणाऱ्या सँडरपेक्षा ते वजनाने हलके असते, फारसे तापत नाही आणि जादा भार आल्यास त्याची मोटर जळण्याऐवजी केवळ थांबते.

या अवजाराची देखभाल आणि ते वापरणाऱ्याची सुरक्षितता या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. गंजून अडकलेला गव्हर्नर, झिजलेला पॅड, पाणी साचलेली हवेची टाकी किंवा चोंदलेली धूळपिशवी या देखभालीतील उणिवांतूनच बरेचसे अपघात व आजार उद्भवतात. कोकणासारख्या दमट प्रदेशात हवेतील पाण्यामुळे हा प्रश्न अधिक तीव्र होतो.

रचना व कार्य

बहुतेक हवाचलित सँडरमध्ये सरकत्या पात्यांची मोटर असते. तिच्या दंडगोलाकार कवचात रोटर किंचित केंद्राबाहेर बसवलेला असतो आणि रोटरवरील खाचांत चपटी पाती सैल ठेवलेली असतात. दाबाखालील हवा आत शिरून पात्यांना ढकलते, त्यामुळे रोटर फिरतो. नंतर हवा प्रसरण पावून निकासद्वारातून बाहेर पडते. प्रसरणामुळे हवा थंड होत असल्याने अवजाराची मूठ वापरताना गार पडते.

बहुतेक उत्पादक अवजाराच्या तोंडाशी ६.२ ते ६.३ बार, म्हणजे सुमारे ९० पीएसआय, इतका दाब ठरवून देतात. दाब याहून वाढवल्यास मोटरचा वेग वाढतो आणि पाती, बेअरिंग व घासचकती यांवर अतिरिक्त ताण येतो. काही अवजारांत वेग मर्यादेत ठेवण्यासाठी गव्हर्नर बसवलेला असतो.

प्रकार

• रँडम ऑर्बिटल सँडर : गॅरेजमध्ये तो ‘डीए’ या नावाने ओळखला जातो. पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी लहान वर्तुळात डोलतो. त्यामुळे पृष्ठभागावर एकाच दिशेचे ओरखडे उमटत नाहीत. पॅड साधारणतः १२५ किंवा १५० मिलिमीटर व्यासाचा असतो. अंतिम कामासाठी सुमारे २.५ मिलिमीटर, तर सर्वसाधारण कामासाठी सुमारे ५ मिलिमीटर डोलाचे अवजार निवडतात.
• ऑर्बिटल सँडर : आयताकृती पॅड केवळ डोलतो, फिरत नाही. कडा व कोपरे घासण्यास तो सोयीचा असतो.
• सरळ चालीचा सँडर : लांब पॅड पुढे-मागे सरकतो. मोठ्या भागावरील लांबी सपाट करण्यासाठी तो वापरतात.
• चकती सँडर : चकती केवळ फिरते. गंज, वेल्डिंगचे उंचवटे आणि रंगाचे जाड थर काढण्यासाठी तो उपयोगी पडतो.
• पट्टा सँडर : अरुंद, अखंड घासपट्टा दोन रोलरांवरून फिरतो. अडचणीच्या जागी व वेल्डिंगच्या सांध्यांवर तो वापरतात.

इतिहास

दाबाखालील हवेची ताकद मोठ्या कामांत एकोणिसाव्या शतकात दिसून आली. आल्प्स पर्वतातील माँ सेनी बोगद्याच्या खोदकामात १८६१ पासून हवेवर चालणारी छिद्रण यंत्रे वापरण्यात आली आणि १८७१ मध्ये हा बोगदा खुला झाला. पुढे जहाजबांधणी, रेल्वे व मोटार उद्योगात हवाचलित अवजारांचा प्रसार झाला. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये पाण्यासह वापरता येणारा घासकागद बाजारात आणला. मोटारींच्या रंगकामात उडणारी धूळ त्यामुळे बरीच कमी झाली.

भारतातील घासपदार्थांच्या उद्योगाचा आरंभ रायगड जिल्ह्याशी निगडित आहे. उरण तालुक्यातील मोरा बंदर येथे १९४१ मध्ये ग्राइंडिंग चाकांचे उत्पादन सुरू झाले. त्यातूनच ग्राइंडवेल नॉर्टन ही कंपनी उभी राहिली. ती आता सेंट-गोबेन समूहाचा भाग आहे. पुणे येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी हवेच्या कॉम्प्रेसरांच्या निर्मितीसाठी ओळखली जाते.

हवेचा पुरवठा

सँडर हे हवा अधिक खाणारे अवजार आहे. नट आवळण्याचा हवाचलित पाना काही सेकंदच चालतो, तर सँडर अनेक मिनिटे सलग चालवला जातो. एका डीए सँडरला मिनिटाला सुमारे ३०० ते ५०० लिटर मुक्त हवा लागू शकते. पंक्चरच्या दुकानातील लहान कॉम्प्रेसर इतकी हवा सतत पुरवू शकत नाही. दाब घसरला की कारागीर सँडर पृष्ठभागावर जोराने दाबतो. त्यामुळे काम खडबडीत होते, कागद लवकर झिजतो आणि हाताला बसणारे कंपन वाढते.

दाब टाकीवरील मापकावर न पाहता अवजार चालू असताना त्याच्या तोंडाशी मोजावा लागतो, कारण लांब वा अरुंद होजमध्ये तो बराच घटतो. सामान्य सँडरसाठी सुमारे १० मिलिमीटर आतील व्यासाचा होज वापरतात. पुरवठ्याच्या मार्गात पाणी व कचरा अडवणारा गाळक, दाबनियामक आणि आवश्यकतेनुसार तेलदाणी या क्रमाने उपकरणे बसवली जातात. तेलदाणीच्या पुढील हवेत तेलाचा अंश असतो. ती हवा रंगाच्या स्प्रे गनला दिल्यास ताज्या रंगावर बारीक खळगे पडतात. म्हणून सँडर आणि स्प्रे गन यांचे होज वेगळे ठेवले जातात.

दमट हवामान आणि हवेतील पाणी

महाड व पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले असून तेथे पावसाळ्यात अतिवृष्टी होते. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ दोन्ही तालुक्यांतून जातो. महाडजवळ बिरवाडीच्या परिसरात औद्योगिक वसाहत असून तेथे रासायनिक कारखान्यांचे प्रमाण मोठे आहे. बिरवाडीहून पुढे जाणारा रस्ता वरंध गावावरून वरंधा घाट चढून पुणे जिल्ह्यातील भोरकडे जातो. घाटाच्या दोन बाजूंच्या हवामानातील फरक कॉम्प्रेसरच्या टाकीतही दिसून येतो.

३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्के असल्यास प्रत्यक्षात सुमारे २६ ग्रॅम बाष्प असते. हीच हवा ७ बार मापकदाबापर्यंत दाबली की तिचे आकारमान सुमारे एक-अष्टमांश होते. ती पुन्हा ३० अंशांपर्यंत निवल्यावर तिच्यात ४ ग्रॅमपेक्षाही कमी बाष्प टिकते आणि उरलेले सुमारे २२ ग्रॅम पाणी होऊन साचते. मिनिटाला ५०० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाला ३० घनमीटर हवा दाबतो. म्हणजे तासाला अर्ध्या लिटरहून अधिक आणि आठ तासांच्या सलग कामात सुमारे पाच लिटर पाणी तयार होते. त्याच तापमानाला आर्द्रता ३० टक्के असेल, जशी देशावर उन्हाळ्यात असते, तर साचणारे पाणी याच्या सुमारे एक चतुर्थांश भरते.

हे पाणी वेळेवर काढले नाही तर ते होजमधून सँडरमध्ये पोहोचते. तेथे वंगण धुऊन निघते, बेअरिंग गंजतात, पाती फुगून खाचांत अडकतात आणि गव्हर्नरची हालचाल बंद पडते. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी पोलादी पत्रा आतून खाते. हा गंज बाहेरून दिसत नाही आणि पत्रा पातळ झालेली टाकी नेहमीच्या दाबालाही फुटू शकते. म्हणून टाकीचा तळनळ रोज, आणि पावसाळ्यात दिवसातून अनेकदा, उघडणे आवश्यक असते. मुख्य नळ थोड्या उताराने बसवून सखल टोकाला निचरा ठेवणे, अवजाराकडे जाणारी शाखा मुख्य नळाच्या वरच्या बाजूने काढणे आणि शक्य असल्यास शीतकरण पद्धतीचा हवाशोषक बसवणे हे उपाय उपयुक्त ठरतात.

वापरातील धोके

फुटणारी चकती : १२५ मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८० किलोमीटर असतो. तिचा तुकडा सुटल्यास डोळ्यांना व चेहऱ्याला गंभीर इजा होते. चकतीवर छापलेली वेगमर्यादा अवजाराच्या कमाल वेगापेक्षा कमी असता कामा नये.

दाबाखालील हवा : निसटलेला होज चाबकासारखा आपटतो. अंगावरील धूळ उडवण्यासाठी हवेचा झोत वापरणे धोक्याचे असते, कारण हवा जखमेतून त्वचेखाली किंवा रक्तवाहिनीत शिरू शकते, तसेच डोळा व कानाचा पडदा निकामी करू शकते. थट्टेत शरीरात हवा सोडल्याने आतडी फुटून मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेतील नियमांनुसार साफसफाईसाठी वापरायच्या हवेचा दाब ३० पीएसआयपेक्षा कमी असावा लागतो आणि उडणाऱ्या कणांपासून बचावाची सोयही लागते.

धूळ : सर्वांत सूक्ष्म धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि फुप्फुसात खोलवर पोहोचते. लाकडाची धूळ व स्फटिकरूप सिलिका यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. काँक्रीट, ग्रॅनाइट वा क्वार्ट्झचे दगड घासताना सिलिकाची धूळ उडते. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिस या आजारावर बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. जुन्या रंगात शिसे व क्रोमियमची संयुगे असू शकतात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमपर्यंत मर्यादित केले असले, तरी त्याआधी दिलेले थर जुन्या वास्तूंवर कायम आहेत. दोन घटकांचे रंग पूर्ण सुकण्यापूर्वी घासल्यास त्यांतील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो.

आग व स्फोट : हवाचलित मोटरमध्ये विजेची ठिणगी पडत नाही. मात्र यावरून ती ज्वालाग्राही वातावरणात आपोआप सुरक्षित ठरत नाही. पोलाद घासताना चकतीपासून ठिणग्या उडतात, कोरड्या हवेच्या प्रवाहाने व फायबरग्लास घासण्याने स्थितिज विद्युत साचते. त्यामुळे रासायनिक कारखान्यात टाकी रिकामी करून, धुऊन, आतील वायूची तपासणी करून आणि काम करण्याची लेखी परवानगी घेतल्यानंतरच घासकाम सुरू करणे आवश्यक असते. ॲल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असते. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान येथे मोटारींच्या ॲल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात झालेल्या धूळस्फोटात शंभराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. ॲल्युमिनियम व पोलाद यांची धूळ एकाच संचयकात गोळा करणे टाळले जाते.

कंपन : दीर्घकाळच्या कंपनामुळे बोटांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतूंना इजा होते. बोटे बधिर होणे, थंडीत पांढरी पडणे आणि पकड कमजोर होणे ही तिची लक्षणे होत. अमेरिकन डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे हवेचे हातोडे वापरणाऱ्या पाथरवटांत या विकाराचा अभ्यास करून १९१८ मध्ये निष्कर्ष मांडले. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही उपाययोजना सुरू करण्याची आणि ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कमाल पातळी आहे. ५ मीटर प्रति सेकंद वर्ग कंपनाचे अवजार दोन तास आणि १० मीटर प्रति सेकंद वर्ग कंपनाचे अवजार अवघा अर्धा तास वापरल्यास यांपैकी पहिली पातळी गाठली जाते. निकासातील थंड हवा बोटांवर येत राहिल्यास त्रास वाढतो.

आवाज : निकासातील हवा आणि घासण्याचा आवाज मिळून ८५ डेसिबलची पातळी अनेकदा ओलांडली जाते. रोज अनेक तास असा आवाज ऐकल्याने कायमचे बहिरेपण येऊ शकते.

सुरक्षित वापर

काम सुरू करण्यापूर्वी होजला चिरा किंवा फुगवटे आहेत का, जोडण्या घट्ट आहेत का, पॅडचे स्क्रू आवळलेले आहेत का आणि दट्ट्या सोडताच अवजार थांबते का हे पाहिले जाते. कागद वा चकती बदलण्यापूर्वी होज काढणे आवश्यक असते. केवळ दट्ट्यावरील बोट उचलणे पुरेसे नसते, कारण तो चुकून दाबला जाऊ शकतो. कागदावरील छिद्रे पॅडवरील छिद्रांशी जुळवून लावली नाहीत तर धूळ ओढली जात नाही.

सँडर पृष्ठभागावर हलके टेकवून चालवला जातो आणि सतत सरकता ठेवला जातो. सामान्यतः अवजाराचे स्वतःचे वजन व हाताचा थोडा आधार पुरेसा असतो. पॅड हवेत पूर्ण वेगाने फिरू देणे टाळले जाते. बाजूने बंद असलेला चश्मा, कानांचे संरक्षण आणि धुळीनुसार निवडलेला श्वसनरक्षक ही मूलभूत साधने होत. रुमाल किंवा कापडी मुखपट्टी सूक्ष्म धूळ अडवत नाही. कणरोधक अर्धमुखवट्यांसाठी भारतात आयएस ९४७३ हे मानक आहे. कणरोधक मुखवटा रंगातील द्रावकांची वाफ मात्र रोखत नाही; त्यासाठी वेगळे गाळक लागतात. सैल कपडे, उपरणे, ओढणी व मोकळे केस फिरत्या भागात अडकू शकतात.

श्वसनरक्षक हा शेवटचा उपाय मानला जातो. धूळ उगमापाशीच ओढून घेणे, शक्य तेथे ओले घासकाम करणे आणि घासकामाची जागा वेगळी ठेवणे हे उपाय अधिक परिणामकारक ठरतात, कारण त्यांचा लाभ शेजारी काम करणाऱ्यांनाही होतो. जमिनीवरील धूळ झाडूने किंवा हवेच्या झोताने उडवण्याऐवजी योग्य गाळक असलेल्या निर्वात सफाई यंत्राने काढली जाते. घरी जाण्यापूर्वी हातपाय धुऊन कपडे बदलल्यास शिशासारखे विषारी घटक लहान मुलांपर्यंत पोहोचत नाहीत.

देखभाल

रोजची देखभाल : टाकी व गाळकातील पाणी काढणे, तेलदाणी नसल्यास अवजाराच्या हवेच्या तोंडात हवाचलित अवजारांच्या तेलाचे काही थेंब सोडून ते थोडा वेळ चालवणे, पॅड व निकासद्वार पुसणे. घट्ट इंजिन तेल किंवा ग्रीस मोटरमध्ये घातल्यास पाती खाचांत चिकटतात. तेल नको असलेल्या प्रकारची अवजारे याला अपवाद असून त्यांबाबत उत्पादकाची सूचना पाळली जाते.

ठरावीक काळाने करायची देखभाल : गाळकाचा आतील भाग बदलणे, निकासातील आवाजरोधक साफ करणे, पात्यांची झीज मोजणे व ती संपूर्ण संचानेच बदलणे, बेअरिंग तपासणे आणि वेगमापकाने रिकामा वेग मोजणे. मोजलेला वेग अवजारावर लिहिलेल्या वेगापेक्षा जास्त आढळल्यास ते वापरातून काढले जाते. टाकीवरील सुरक्षा झडप मोकळी आहे की नाही हेही पाहिले जाते. गळती थांबवण्यासाठी ती बंद करणे जीवघेणे ठरू शकते.

नेहमीचे बिघाड व त्यांची कारणे पुढीलप्रमाणे :

• वेग कमी पडणे : अपुरा दाब, अरुंद होज, चोंदलेला गाळक किंवा झिजलेली पाती.
• सुरू न होणे : गंजामुळे वा घट्ट तेलामुळे अडकलेली पाती.
• जादा कंपन : झिजलेला वा चुकीच्या वजनाचा पॅड, खराब बेअरिंग.
• हवेत पॅड अनियंत्रित फिरणे : पॅडची गती रोखणारे रबरी ब्रेक सील झिजलेले असणे.
• निकासातून पाण्याचे तुषार येणे : टाकी व गाळकाचा निचरा न होणे.

पुरात बुडालेली अवजारे

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री नदीला आलेल्या पुरात महाड शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा पुरानंतर चिखलाचे पाणी शिरलेला सँडर थेट हवेला जोडल्यास बारीक वाळू मोटरचे कवच व पाती खरवडते. तो आधी उघडून स्वच्छ पाण्याने धुणे, पूर्ण वाळवणे, बेअरिंग व पाती बदलणे आणि तेल देऊन कमी दाबावर तपासणे हा योग्य क्रम होय. कॉम्प्रेसरची विद्युत मोटर व स्विच जाणकार वीजतंत्रज्ञाने तपासल्याखेरीज त्यांना वीजपुरवठा दिला जात नाही. कॉम्प्रेसरमधील तेल बदलले जाते आणि टाकीतील गाळ काढून तिची तपासणी केली जाते. भिजलेल्या घासचकत्या व ग्राइंडिंग चाके वाळवून पुन्हा वापरणे धोक्याचे असते, कारण पाण्याने त्यांची बांधणी कमकुवत होते व तोल बिघडतो.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम १४ धूळ व धूर यांच्या निवारणाशी, कलम ३१ दाबाखालील संयंत्रांशी आणि कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाशी संबंधित होते. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत या विषयांचा समावेश आहे. महाराष्ट्रात अशा तरतुदींची अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

‘कारखाना’ या संज्ञेची कायदेशीर व्याख्या कामगारांच्या संख्येवर अवलंबून असते. त्यामुळे दोन-चार कारागिरांची गॅरेजे व सुतारकामाची दुकाने बहुधा या तपासणीच्या कक्षेबाहेर राहतात. अशा ठिकाणी टाकीचा निचरा, होजची पाहणी, धुळीचे नियंत्रण आणि शिकाऊ मुलांना द्यायचे संरक्षण यांची जबाबदारी प्रत्यक्षात मालक व अनुभवी कारागिरांवरच येते.